साधं पेट्रोल

अमरावतीत थंडी एका सकाळी अचानक कळते. आदल्या दिवशीपर्यंत पंखा फिरत असतो, आणि त्या सकाळी नळाचं पाणी हाताला चावतं. समोरच्या घरातले गृहस्थ तेव्हा मफलर गुंडाळून मोटार काढायला बाहेर येतात. पहिल्या खेपेला मोटार नुसती कण्हते, दुसऱ्या खेपेला खोकते. मी खिडकीशी चहाचा कप घेऊन उभी असते, आणि ती सुरू होईपर्यंत मला तो कप तोंडाला लावता येत नाही. इतकी वर्षं गेली, तरी नाही. तिचा आवाज एकसारखा झाला, की मग मी खुर्चीत बसते. तोवर चहा निवलेला असतो.

एके काळी हा हिवाळाच मला सगळ्यांत आवडायचा. आम्ही दर्यापूरला राहत होतो. तिथला हिवाळा म्हणजे कापूस. पहाटेपासून गाड्या जिनिंगच्या कारखान्याच्या दिशेनं निघत, कापसानं इतक्या फुगलेल्या की मागून पाहणाऱ्याला गाडीवान दिसतच नसे. वाटेतल्या बाभळी त्यातला मूठमूठ कापूस ओढून घेत. शाळेत जाताना आम्ही बहिणी तो काट्यांमधून सोडवत असू. शालू, माझी धाकटी बहीण, त्याच्या वाती करून आजीला द्यायची म्हणून परकराच्या ओच्यात भरून घ्यायची आणि संध्याकाळपर्यंत विसरून जायची. तुरीच्या शेंगा उकडल्याचा वास घराघरातून यायचा. काळी माती रात्रभर दंव पिऊन सकाळी जड व्हायची, आणि वहाणांना चिकटून आमची उंची वाढवायची.

आणि आमच्या दाराशी मोटार उभी असायची.

गावात मोटारी तशा मोजक्याच. आमची काळी, विलायती, बरीच जुनी. बाबा पूर्वी अमरावतीला एका वकिलांकडे ड्रायव्हर होते. वकील कायमचे मुंबईला गेले तेव्हा बाबांनी आणि त्यांचे धाकटे भाऊ सुदामकाका यांनी मिळून ती गाडी घेतली. दर्यापूरहून अकोल्याला आणि अमरावतीला सवाऱ्या न्यायच्या, हा दोघांचा धंदा. नागपूरला जाऊन आमच्या घरानं दीक्षा घेतली, त्याच्या पुढच्या-मागच्या वर्षांतली ही गोष्ट. आमच्या घरचं पाणी ज्यांना चालत नव्हतं, ती माणसं आमच्या गाडीत खांद्याला खांदा लावून बसत. बाबा त्याबद्दल कधी बोलत नसत. पण सवाऱ्या बसल्या की ते टोपी नीट करत, आरशात एकदा मागं पाहत आणि मगच गाडी सुरू करत. ती एका दमात सुरू व्हायलाच हवी, असा त्यांचा हट्ट होता. दुसऱ्याची गाडी अडली तर गाडी अडली म्हणतील, आपली अडली तर आपल्याला बोलतील, असं ते आईला सांगत.

त्या हट्टातून पेट्रोलचा प्रश्न निघाला. मोठ्या गावांतल्या पंपांवर तेव्हा दोन तऱ्हेचं पेट्रोल मिळायला लागलं होतं, एक साधं आणि एक भारी. बाबांचा सगळा भरवसा भारी पेट्रोलवर. त्याला कारणही होतं. एकदा भर उन्हाळ्यात ते सवाऱ्या घेऊन चिखलदऱ्याचा घाट चढत होते, टाकीत साधं पेट्रोल होतं, आणि इंजिन आतून हातोडी मारल्यासारखं ठोके देऊ लागलं. पुढच्या खेपेला भारी टाकलं, तर गाडी मुकाट्यानं चढली. तेव्हापासून त्यांनी मनाशी ठरवून टाकलं, की गाडीचं सगळं भलंबुरं पेट्रोलवर आहे. सुरू होणं, पळणं, ओढणं, सगळं.

सुदामकाकांना ते पटत नव्हतं. हे जुनं इंजिन, त्याला भारी खाऊ घालून काय उपयोग, आपला रस्ता सपाट, घाट वर्षातून एकदा, असं त्यांचं म्हणणं. दोघं त्यावरून रोज वाद घालत. जेवताना, गाडी पुसताना, अगदी सवाऱ्यांसमोरसुद्धा. पण त्या वादात राग नव्हता. तो त्यांचा विरंगुळाच होता. एकानं सुरू केलं नाही तर दुसरा करायचा.

काकांना मूल नव्हतं. शालू त्यांचीच होती म्हटलं तरी चालेल. ती त्यांच्या मांडीवर बसून गाडीचा रबरी भोंगा दाबायची, आणि सवाऱ्या नसल्या की काका तिला नदीपर्यंत फिरवून आणायचे. ती त्यांना काका म्हणतच नसे. मोठ्यांचं ऐकून 'सुदाम' म्हणायची, आणि ते ओ देत.

त्या हिवाळ्यात तिचा घसा धरला. आईनं मिठाच्या गुळण्या दिल्या, गळ्याला गरम कापड बांधलं. थंडीत पोरांचे घसे धरायचेच, म्हणून दोन-चार दिवस कोणी मनावर घेतलं नाही. मग तिचा आवाज बसला, आणि श्वास घेताना छातीतून बारीक शिट्टी वाजू लागली. गावातले डॉक्टर संध्याकाळी घरी आले. त्यांनी चमच्यानं जीभ दाबून घशात पाहिलं आणि बाहेर आले. घटसर्प वाटतो, अमरावतीला मोठ्या दवाखान्यात न्या, उशीर करू नका, असं त्यांनी बाबांना सांगितलं. गाडी त्या दिवशी अकोल्याला गेली होती. काका परतले तेव्हा अंधार पडून बराच वेळ झाला होता, आणि गाडीच्या पुढच्या दिव्यांपैकी एकच, तोही मिणमिणता, जळत होता. तेवढ्या उजेडावर रात्री जाणं शक्य नव्हतं, म्हणून उजाडता उजाडता निघायचं ठरलं.

सकाळी सगळं गाव धुक्यात होतं. आईनं शालूला गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर घेतलं, मी शेजारी बसले. गाडीचं चामडं इतकं गार होतं की परकरातून बोचत होतं. बाबांनी बटण दाबलं. गाडी कण्हली आणि थांबली. पुन्हा दाबलं. मग तेवढंही नाही. काकांनी हँडल लावून फिरवलं. त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती, इंजिनातून काहीच नाही. बाबा उतरले. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि काकांना विचारलं, "अकोल्याले कोनतं टाकलं?"

काका हँडल धरून तसेच वाकलेले राहिले. मग म्हणाले, "साधं."

बाबांनी बॉनेटवरचा हात काढून घेतला. मला ती वेळ आठवते ती त्या काढून घेतलेल्या हातामुळेच.

शेजारपाजारची माणसं आली. कोणी चुलीवरचं गरम पाणी आणून ओतलं, कोणी धक्का दिला. गाडी आम्हाला घेऊन बाजारापर्यंत ढकलली गेली आणि परत ढकलून आणली गेली. शालू मधूनमधून डोळे उघडून पाहायची. तिला वाटलं असावं, आपण निघालो. शेवटी ऊन चांगलं वर आलं, धुकं विरलं, आणि काकांनी हँडलला दिलेल्या एका झटक्याला गाडी सुरू झाली. काका हँडल टाकून धावत आले आणि दाराला हात घातला. बाबांनी आतून दार ओढून लावलं आणि गाडी काढली. मागच्या काचेतून मी पाहिलं, काका रस्त्याच्या मध्यावर उभे होते आणि त्यांचा हात अजून पुढंच होता.

त्या दिवशी गाडी पाण्यासारखी धावली. वलगाव मागं पडलं, अमरावती आली, तोवर ती एकदाही अडखळली नाही. पेट्रोल तेच होतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शालूला पाहिलं आणि आईला विचारलं, की हे किती दिवसांपासून आहे. आईनं सांगितलं. ते म्हणाले, पहिल्याच दिवशी आणायला हवं होतं, आता औषध देतो पण फार आशा धरू नका. सकाळच्या उशिराबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. दुपारची उन्हं वॉर्डाच्या फरशीवर आली तेव्हा शालू गेली. तिच्या शिट्टीचा आवाज इतका वेळ कानात होता, की तो थांबला तेव्हा मला आधी बरं वाटलं. तिला झोप लागली, असं मला वाटलं.

आम्ही तिला त्याच गाडीतून दर्यापूरला परत आणलं. काका दारातच बसलेले होते. ते उठून पुढं आले, गोधडीकडे हात केले. बाबांनी त्यांना खांद्यानं बाजूला सारलं. सगळ्या माणसांसमोर, अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "तू हात लावू नोको. मातीले बी येऊ नोको. तुह्या पेट्रोलानं माही पोर नेली."

काका आले नाहीत. नदीकडे जाताना मी मागं वळून पाहिलं, तर ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते, आणि काकू त्यांना धरून.

महिन्याभरात काका-काकू अकोल्याला गेले. काकांनी तिथं एका तेलाच्या घाण्यावर काम धरलं. मोटारीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही, असं लोकांकडून कळायचं. बाबांनी गाडी चालवणं सुरू ठेवलं, एकट्यानं, आणि कटाक्षानं भारी पेट्रोल टाकून. ते नसेल तर गाडी उभी ठेवत. आमच्या घरात दोन माणसांची नावं घेणं बंद झालं. आई एकदाच बोलली. भाकरी थापताना, कोणाकडे न पाहता. "पोर माही गेली, आन् भाऊ तुमचा. एका दिवसात दोन मात्या केल्या तुमी." बाबा ताटावरून उठून गेले.

मी मॅट्रिक होऊन अमरावतीला कॉलेजात आले, विज्ञानाला. वसतिगृहात थंडीच्या दिवसांत मुली शेगडीभोवती बसून गाणी म्हणायच्या, संत्री सोलायच्या. शेंदूरजनाघाटची एक मैत्रीण घरून करंड्या भरून संत्री आणायची. त्या सालींचा वास हाताला दोन दिवस राहायचा. मला त्या वासात सुख वाटायचं आणि सुख वाटल्याचं वाईटही वाटायचं, कारण हिवाळा होता.

एका हिवाळ्यात रसायनशास्त्राच्या तासाला इंधनं शिकवायला घेतली. सर सांगत होते, की पेट्रोलचा ऑक्टेन आकडा म्हणजे ते दाबलं गेल्यावर किती दम धरतं त्याचं माप. कमी आकड्याचं पेट्रोल ठिणगीची ज्योत पोचायच्या आधीच आपोआप पेटतं, आणि मग इंजिन ठोके देतं. जास्त आकड्याचं दम धरतं. बस, इतकंच. जुन्या इंजिनात मुळात दाब कमी, त्याला साधं पेट्रोल पुरतं. थंडीत गाडी सुरू होणं न होणं हे निराळ्या गोष्टींवर असतं. पेट्रोलची वाफ किती सहज होते, ठिणगी कशी पडते, बॅटरीत किती जोर आहे. ऑक्टेनशी त्याचा संबंध नाही.

मी वहीत लिहीत होते ते थांबले. मला तो एकच मिणमिणता दिवा दिसला. थकलेली बॅटरी, आणि तिच्यावर ती थंडी. नंतर मी सरांना गाठून पुन्हा विचारलं, आमच्या गाडीचं वर्णन करून विचारलं. त्यांनी तेच सांगितलं. ही मुलगी मोटारीबद्दल इतकं का विचारते, याचं त्यांना नवल वाटलं असावं.

सुट्टी लागताच मी आधी अकोल्याला गेले. काका अंगणात उन्हाला बसले होते. केस सगळे पिकले होते. बाबांपेक्षा ते आता मोठे दिसत होते. मला पाहून त्यांनी काकूला हाक मारली, आणि मग मी का आले असेन या भीतीनं माझ्याकडे पाहत राहिले. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजे भारी राह्यलं असतं, तरी बी गाडी लागली नसती?" त्यांनी विचारलं.

नसतीच सुरू झाली, मी म्हटलं.

"मी तं आधीपासून हेच म्हनत होतो," ते म्हणाले. "पन त्या दिवसापासून मले वाटलं, आपन खोटे होतो. दादाचंच खरं होतं." ते हातांकडे पाहत बसले. मग विचारलं, "दादाले सांगतलं का तू?" अजून नाही, असं मी म्हणताच ते घाईनं म्हणाले, "नोको सांगू, बेटा. मले बोल लावू लावू थे जगले. थे काढून घेशीन, तं त्यायच्यापाशी काय राहीन?"

मी त्यांचं ऐकलं नाही. काकांचे पिकलेले केस पाहून आल्यावर मला गप्प राहणं शक्य नव्हतं. दर्यापूरला आले आणि त्याच संध्याकाळी बाबांना सांगितलं. बाबांनी गाडी तोवर विकली होती, बसगाड्या वाढल्यामुळे सवाऱ्या उरल्या नव्हत्या. ते ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांना धक्का बसेल, ते ओरडतील, कदाचित रडतील, अशी मी तयारी ठेवली होती.

ते म्हणाले, "मले माहीत हाय."

मला समजलंच नाही. मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक, रस्त्याकडे पाहत. शालू गेली त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात अमरावतीला गाडीचं काम काढलं होतं. तिथल्या मिस्त्रीनं बॅटरी खलास झाल्याचं दाखवलं, नवी घालायला लावली, आणि या इंजिनात कोणतंही पेट्रोल घाला, फरक पडत नाही, असं सांगितलं. दवाखान्यातले डॉक्टर वाया गेलेल्या दिवसांबद्दल काय बोलले, तेही त्यांनी त्या दिवशी ऐकलं होतंच.

"मंग भारी कायले टाकत राह्यले?" मी पहिल्यांदाच त्यांच्याशी अशी बोलले.

बाबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "साधं टाकलं असतं आन् गाडी लागली असती, तं?"

दारात आई उभी होती. ती आत निघून गेली. त्या रात्री आमच्या घरी चूल पेटली नाही.

मला त्यांचा राग आला होता, आणि तो राग मी आजही पुरता सोडलेला नाही. पण त्यांचं ते वाक्य मी पुष्कळ वर्षं मनात धरून आहे. मूल गेल्यावर माणसाला धरायला काहीतरी लागतं. थंडीला धरता येत नाही. घटसर्पाला, उशिरा बोलावलेल्या डॉक्टरला, आपण मनावर न घेतलेल्या दिवसांना धरायला गेलं, तर आपलाच हात आपल्या गळ्याशी येतो. भाऊ जवळ उभा होता. बाबांनी त्याला धरलं. पुढं सोडायची वेळ आली, तेव्हा सोडून रिकाम्या हातांचं काय करायचं, ते त्यांना कळलं नाही. हे सगळं मला समजतं. समजलं म्हणून काकांचे केस काळे होत नाहीत, एवढंच.

सकाळी बाबा कपडे करून ओट्यावर बसले होते. "चाल, अकोल्याले जाऊ," ते म्हणाले. आम्ही बसनं गेलो. वाटेत शेतांतून वेचणी चालली होती, बायांच्या पाठीवरच्या ओट्या कापसानं भरत होत्या. बाबा खिडकीची थंड हवा तोंडावर घेत राहिले, त्यांनी काच लावली नाही.

काकांनी दार उघडलं, वाकून बाबांच्या पाया पडले. बाबांना ते सहन झालं नसावं, ते दोन पावलं मागं सरले. चहा झाला, गावातल्या माणसांची चौकशी झाली. मग बाबांनी कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं. पेट्रोलाचं काही नव्हतं, हे आपल्याला पुढच्याच उन्हाळ्यात समजलं होतं, आणि आपण आलो नाही. त्यांनी कारण दिलं नाही, माफी मागितली नाही. त्यांना तो शब्द कुठून आणायचा हेच माहीत नव्हतं.

काकू स्वयंपाकघरातून दारापर्यंत आली होती, तिथंच थांबली. काका जमिनीकडे पाहत होते. त्यांचा आवाज चढला नाही.

"पेट्रोलाचं जाऊ द्या, दादा," ते म्हणाले. "तुमी मले तिच्या मातीले येऊ देलं नाही."

बाबा उठले. निघताना फाटकापाशी ते एवढंच म्हणाले, "आता ये." काका फाटक धरून उभे राहिले. परतीच्या बसमध्ये बाबा माझ्या शेजारी बसून होते, आणि मला त्यांच्याशी बोलावंसं वाटलं नाही.

उन्हाळा गेला, पावसाळा गेला. काका आले नाहीत. आई कधी कधी दाराकडे पाहायची, बाबा पाहायचे नाहीत. मग थंडी पडली, आणि एका सकाळी ते एकटेच दर्यापूरला उतरले. मी सुट्टीवर आले होते. त्यांनी घरात पाऊल ठेवलं नाही, पाणीही घेतलं नाही. ओट्याखाली उभे राहून म्हणाले, "चाला, दादा."

आम्ही तिघं नदीकडे गेलो. बाबा पुढं, काका मागं, त्यांच्यामागं मी. नदीकाठची ती जागा इतक्या वर्षांत रुळून सपाट झाली होती, वर गवत वाढून वाळलं होतं. तिथं काही पुरलं आहे, असं कोणाला वाटलं नसतं. बाबा मात्र न अडखळता गेले आणि एका जागी थांबले. ते तिथं एरवीही येत असावेत, हे मला तेव्हा कळलं.

"अठी," ते म्हणाले.

काकांनी वहाणा काढल्या. मग त्यांनी विचारलं, "डोकं कोनत्या बाजूले हाय?"

बाबांनी हात करून दाखवलं. काका वळसा घालून त्या बाजूला गेले आणि गवतात बसले.